दादाच्या फोनमधले आकडे

माझ्या थोरल्या भावाच्या हाताला काही झालं नव्हतं. तरी तो हात रोज थोडा थोडा जातो आहे असं त्याला वाटत राहिलं. त्या भीतीने तो जेवताना चमचा मागू लागला, बोलेनासा झाला आणि शेवटी मला गावाकडे नेऊन सोडा म्हणाला. हे मी केलं. त्याच्या फोनमधल्या एका खेळाचे काही आकडे, त्याला न सांगता, हळूहळू खाली ओढून केलं. आधीच कबूल करून टाकतो. मागाहून सांगायचं ठरवलं की माणूस अगोदर आपली बाजू मांडत बसतो, आणि माझ्याकडे मांडण्यासारखी बाजू फारशी नाही.

हे लिहू का, असं मी दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, "लिही की. पण माझं नाव घालू नको. खेळातलं तर अजिबात नको, पोरी वळखतील." म्हणून इथे कुणाचंच नाव नाही.

दादा जामबागच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. नांदेडकडच्या आमच्या गावातून नोकरीसाठी हैदराबादला आलेला आमच्या घरातला तो पहिला माणूस. वडील गेल्यावर त्याने मलाही इथे आणलं, स्वतःच्या खोलीत ठेवलं आणि शिकवलं. त्याने लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारण्याचा धीर मला झाला नाही, आणि उत्तर काय येईल याचा मला थोडा अंदाजही होता. मी सरकारी खात्यात लागलो, माझं लग्न झालं, मुलगी झाली. दादा त्याच्या खोलीत राहिला. दर रविवारी तो आम्हाला विहारात भेटायचा, वंदना झाली की आमच्याकडे जेवायचा आणि संध्याकाळी परत जायचा.

एक दिवस वर्गात फळ्यावर सुरई काढताना त्याच्या हातातून खडू पडला. त्याने तो उचलला, तर परत पडला. पोरं हसली. दादाही हसला, आणि हसताना त्याचा ओठ एका बाजूला ओघळला तेव्हा पोरं हसायची थांबली. अर्धांगवायूचा झटका होता. पाय बराचसा परत आला, बोलणं परत आलं, उजवा हात मात्र मागे राहिला. नोकरी सुटली, खोलीही सुटली, आणि दादा आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आला.

कोठीच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी त्याला रबरी चेंडू दाबायला दिला, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायला सांगितले, एकत्र केलेले राजमा आणि हरभरे वेगळे करायला सांगितलं. पहिले काही दिवस त्याने केलं. मग एक दिवस ताट बाजूला सारून तो माझ्या बायकोला म्हणाला, "सकाळपासून कडधान्यं निवडायलो बघ. मला तुम्ही सून करून आणलंय का?" त्यानंतर त्याने त्या चेंडूला हात लावला नाही.

खेळ त्याच्या फोनवर घातला माझ्या मुलीने. ती तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ: चौघांची टोळी करून एका बेटावर उतरायचं, घरं धुंडाळायची, बाकीच्यांना टिपायचं आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. तिची आणि तिच्या दोन मैत्रिणींची टोळी होती. चौथी मैत्रीण लग्न होऊन गेली होती. त्या जागी तिने मोठेबाबांना घेतलं. ती दादाला मोठेबाबा म्हणते.

या खेळात नेम धरायला दोन रीती आहेत. एक, अंगठा काचेवर सरकवायचा. दादाचा अंगठा थरथरायचा, त्यामुळे ती बाद. दुसऱ्या रीतीत फोनच तिरका करायचा. फोन जिकडे कलेल तिकडे नेम जातो. त्यासाठी फोन दोन्ही हातांत धरावा लागतो आणि मनगटं हलवावी लागतात. किती कलवल्यावर नेम किती सरकावा, ते ठरवायचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी. आकडा मोठा असेल तर फोन जरासा हलला तरी नेम धाडकन पळतो, आणि थरथरणाऱ्या हाताला ते झेपत नाही. लहान असेल तर मनगट पार वळवावं लागतं, आणि अशक्त हाताला तेही झेपत नाही. बंदुकीवर लावायच्या प्रत्येक दुर्बिणीसाठी हा आकडा वेगळा. असं एक लांबलचक पान असतं, त्यावर एकाखाली एक पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर सरकणारा एक ठिपका.

लोक हे आकडे दुसऱ्या कुणाचे बघून उतरवतात. मुलीने तेही करून बघितलं, पण दादाच्या हातासारखा हात कुणाचा नव्हता. तेव्हा ती दोघं सरावाच्या मैदानात जाऊन भिंतीवर गोळ्या मारू लागली. एकाच जागी उभं राहायचं, अख्खी मॅगझीन रिकामी करायची आणि भिंतीवर उमटलेली भोकं बघायची. बंदूक झाडली की तिचं तोंड वर उडतं, ते खाली ओढून धरायचं असतं. भोकं वर वर चढत गेली तर आकडा कमी पडतो आहे. खाली घसरली तर जास्त झाला. डाव्या-उजव्या बाजूला पसरली तर हात कापतो आहे.

"वर चालल्यात की गं," दादा बाल्कनीतल्या खुर्चीवरून म्हणायचा.

"मग वाढवू?"

"वाढव. जरासंच वाढव. काल तू वाढवलंस तर मी आभाळातले पक्षी मारलो."

"मोठेबाबा, या गेममध्ये पक्षी नाहीत."

"आता कुठून असतील? मीच मारून टाकलो ना."

कित्येक आठवडे हे चाललं. दोन अंक वर, एक अंक खाली, चौपट दुर्बिणीला वेगळं, लाल ठिपक्याच्या दुर्बिणीला वेगळं. एक दिवस भिंतीवर सगळी भोकं माझ्या तळहाताएवढ्या जागेत आली. मुलगी ओरडली, आणि फोनमधून तिच्या मैत्रिणीचा आवाज आला, "क्या चाचा! अब तो आप हमकू बचाते!" दादा म्हणाला, "हौ बेटा, पहले तुम हमकू गाडी में तो बिठाव."

त्यानंतर दादाला सवयच लागली. सकाळी अंघोळ झाली की आधी भिंत. भोकं जवळ जवळ आली की म्हणायचा, "आज हात चांगला हाय." पसरली की म्हणायचा, "रात्री झोप नाही झाली, दिसायलंय." लोक रक्तदाब बघतात तसा तो भिंत बघायचा. मला हे त्या वेळी वेडेपणाचं वाटलं. तेव्हाच समजायला हवं होतं की आपल्या हाताचा हिशेब हा माणूस आता इथेच बघतो आहे.

माझ्या दिवसाबद्दल सांगतो. पहाटे उठून दादाच्या पाण्याचं बघायचं, त्याला अंघोळ घालायची, शर्टाची बटणं लावायची, फोन चार्जिंगला लावायचा, गोळ्या काढून ठेवायच्या. बायको शाळेत शिकवते, ती माझ्याही आधी निघते. मग बस, ऑफिस, परत बस, येताना औषधं, भाजी. दादा आल्यापासून मी आणि बायको कुठे राहायला गेलो नव्हतो, साध्या लग्नालाही दोघं मिळून नाही. ही तक्रार मी तोंडाने कधी केली नाही. न केल्यामुळे ती आत आंबत गेली. आणि संध्याकाळी दार उघडलं की बाल्कनीतून त्या दोघांचं हसणं ऐकू यायचं. माझ्या हातात पिशव्या असायच्या. "पप्पा, आलात?" एवढं म्हणून मुलगी परत फोनमध्ये. एकदा मी म्हणालो, मलाही शिकव. तिने शिकवलं. मी दोनदा मेलो आणि तिसऱ्यांदा चिडलो. ती म्हणाली, "पप्पा, लाइट घ्या ना. तुम्हाला पेशन्सच नाही." दादा हसला. त्यात दुष्टपणा नव्हता, पण मला ते हसणं बसमध्ये आठवायचं, ऑफिसमध्ये आठवायचं.

अशात एक दिवस कोठीच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंचा फोन आला की पेशंट येतच नाहीत. मला कारण मिळालं. दादा व्यायाम सोडून फोनला चिकटलाय. मुलीच्या परीक्षा तोंडावर आहेत. हा खेळ सुटला पाहिजे, आणि तोही भांडण न होता. त्याला तो आपोआप नकोसा झाला तर कुणाचंच मन दुखायचं नाही. माझं मन मोठ्या शहाणपणाने बोलत होतं. त्या शहाणपणाखाली काय होतं ते आज मला दिसतं: त्या दोघांचं हसणं मला बंद करायचं होतं.

मुलगी परीक्षेच्या अभ्यासासाठी दिवसभर अफझलगंजच्या लायब्ररीत बसू लागली, रात्री उशिरा येऊन एकटीच जेवू लागली. खेळ तिने तेवढ्यापुरता बंद केला. दादा मैत्रिणींबरोबर किंवा एकटाच खेळायचा. झटका आल्यापासून त्याच्या फोनला लॉक नव्हतं, पुन्हा काही झालं तर कुणालाही फोन करता यावा म्हणून. एका सकाळी भिंत बघून झाल्यावर तो वर्तमानपत्र घेऊन बसला होता आणि मी त्याचा फोन चार्जिंगला लावत होतो. मी ते लांबलचक पान उघडलं आणि एक ठिपका थोडासा डावीकडे सरकवला. मग त्याच्या खालचा. इतका थोडा, की त्याला कळू नये.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा थोडा. मग पुन्हा. तो आकड्यांच्या पानावर कधी जात नसे. त्या बारीक पट्ट्या त्याच्या बोटाला धरता यायच्या नाहीत. ते काम मुलीचं होतं. त्यामुळे पकडलं जाण्याची भीती नव्हती, आणि भीती नसली की माणूस किती सहज पुढे जातो, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मला वाटलं होतं तो वैतागेल, "काय भंकस खेळ" म्हणेल आणि चेंडूकडे वळेल. फोनमधून मैत्रिणींचे आवाज यायचे, "क्या चाचा, सो गए क्या? सामने खड़ा था वो!" दादा आधी हसून उत्तर द्यायचा. मग नुसताच हसू लागला. मग "तुम खेलो बेटा, हम देखते" म्हणू लागला. भिंत मात्र त्याने सोडली नाही. उलट सकाळी एकदा बघायचा ते दिवसातून पुनःपुन्हा बघू लागला.

एका सकाळी मी त्याची बटणं लावत होतो. त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"बारक्या, हात ऐकंना गेलाय."

"म्हणजे?"

"वर चढायल्यात गोळ्या. रोज जरा जरा जास्त. मी पार जोर लावतो, खाली येईनात. पहिल्या झटक्याच्या आधीबी असंच झालं होतं, खडू हलका लागायला होता. मी कुणाला बोललो नव्हतो." त्याने दाराकडे बघितलं. "तिला सांगू नको. पेपर हाईत तिचे. तुलाच सांगायलो. शप्पथ घे."

मी शपथ घेतली. एवढं मला लख्ख आठवतं, की त्या वेळी माझ्या हातात त्याच्या शर्टाचं मधलं बटण होतं आणि ते काजात जात नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण आता ते वाक्य आकड्यांबद्दलचं राहिलं नव्हतं. ते त्याच्या भीतीबद्दलचं झालं होतं, आणि ती भीती मी तयार केली होती. ऑफिसातून आल्यावर सांगू, असं ठरवून मी निघालो. संध्याकाळी बायको घरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीर झाला होता. न सांगण्याला रोज एक सोयीचं कारण सापडायचं.

मग मला वाटलं: आकडे परत वर नेऊ, गुपचूप, म्हणजे झालं. पान उघडलं आणि कळलं की मूळचे आकडे मला माहीतच नाहीत. एवढ्या पट्ट्या, प्रत्येकीचा आकडा त्या दोघांनी आठवडे घालवून शोधलेला, आणि मी खाली ओढताना एकदाही नीट वाचला नव्हता. अंदाजाने वर नेले. त्या दिवशी दादाने भिंतीवर मॅगझीन रिकामी केली आणि भोकं डावीकडून उजवीकडे सगळ्या भिंतीभर उडाली. त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला. "आता थरथर परत आली," तो म्हणाला. घाबरून मी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खाली आणले. त्याला एक दिवस थरथर, एक दिवस लुळेपणा, अशी लक्षणं मी वाटत होतो.

जेवणाचं सांगायला मला सगळ्यात लाज वाटते. झटक्यानंतर कित्येक महिने दादा डाव्या हाताने जेवत असे. उजव्या हाताने भाकरी मोडायला जमली त्या दिवशी बायकोने शेजारी गुलाबजाम वाटले होते. आता त्या हाताने घास उचलताना तो थांबू लागला, हाताकडे बघू लागला. बघितलं की घास पडायचा. खरंच पडायचा, त्यात माझ्या आकड्यांचा काही संबंध नव्हता. एक दिवस तो ताटावरून न उठता हळूच म्हणाला, "चमचा द्या मला." बायकोने माझ्याकडे बघितलं. मी चमचा आणून दिला.

रविवारी विहारात आम्ही शेजारी बसलो होतो. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. दादाचा आवाज झटक्यानंतर जरा जड झालाय, पण त्या ओळी तो ठाम म्हणतो. मी ओठ हलवले, आवाज काढला नाही. मला वाटलं ही निदान थोडी प्रामाणिकता आहे. तीही पळवाटच होती.

शेवटी मी त्याला कोठीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयाने लहान, तेलुगू होते, आमच्याशी हिंदीत बोलायचे. त्यांनी दादाला बोटं दाबायला लावली, मनगट वर-खाली करायला लावलं, जुने कागद बघितले आणि त्यांचा चेहरा उजळला. हात आधीपेक्षा बराच सुधारला आहे म्हणाले, मनगटात तर खूपच फरक आहे, कोणता व्यायाम करता?

दादा म्हणाला, "साब, आप दिल रखने कू बोल रहे. भिंत झूट नहीं बोलती."

"कौनसी भिंत?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "वो मोबाइल में गेम खेलते हैं." एवढंच म्हणालो. वाक्य तिथेच थांबवलं. आणि त्या क्षणी माझ्या मनात आलेला विचारही लिहिलाच पाहिजे: आकडे कमी केल्यामुळे त्याला मनगट जास्त वळवावं लागलं, म्हणजे मी त्याचं भलंच केलं की. असा विचार करता येणारा माणूस मी आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पेशंट ऐकतच नाही म्हटल्यावर, त्याची खात्री पटावी म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन करायला सांगितलं. दादाला बंद जागेची धास्ती आहे, लिफ्टमध्येसुद्धा तो डोळे मिटून उभा राहतो. त्या मशीनच्या नळीत डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं काही लावून त्याला आत सरकवताना त्याचे पाय ताठ झाले. तिथल्या माणसाने मला घड्याळ, पट्टा, सगळं काढायला लावून आत स्टुलावर बसू दिलं आणि सांगितलं, पाय धरून ठेवा, धीर येतो. मी दादाचं पाऊल धरून बसलो. मशीन ठोकायला लागलं. लोखंडी पिंपावर कुणी हातोडे मारावेत तसा आवाज. त्याच्या पायाची बोटं माझ्या तळव्यात आवळत होती. त्याला काहीही झालेलं नाही हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं, आणि तरी मी त्याला त्या नळीत जाऊ दिलं होतं.

त्या आवाजात मी मोठ्याने म्हणालो, "दादा, मी केलं. आकडे मी बदलले." माझं मलाही ऐकू आलं नाही.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "काही म्हणत होतास काय?"

"नाही," मी म्हणालो.

स्कॅनमध्ये नवीन काही निघालं नाही. दादाने रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला. "बारीक असंल. मशीनला दिसायचं नाही." रिक्षात बसल्यावर म्हणाला, "मला ताईकडं नेऊन सोड, गावाकडं. पुन्हा पडलो तर इथं तुमच्यानं व्हायचं नाही. तुला बायको हाय, ऑफिस हाय. तू लई केलास माझं." आमची थोरली बहीण गावी एकटी राहते, तिलाच कुणीतरी करणारं हवं आहे. तिथे दवाखाना नाही, फिजिओथेरपी नाही. तिथे गेला की हा हात तो मांडीवर ठेवील आणि पुन्हा उचलणार नाही, हे मला कळत होतं. मी म्हणालो, परीक्षा होऊ दे. मला अजून थोडे दिवस हवे होते, कशासाठी ते माझं मलाही माहीत नव्हतं.

शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी घरी होती, मीही रजेवर होतो. दुपारी ती बाल्कनीत गेली. "चला मोठेबाबा, पोरी वाट बघतायत. आधी भिंत."

"तू मार. मी बघतो."

तिने फोन घेतला, एक मॅगझीन रिकामी केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय झालंय? इतकी कमी? मोठेबाबा, तुम्ही सेटिंगला हात लावला?"

"मी कसा लावू? मला ती पट्टी धरता येती का?"

तिने ते पान उघडलं. मी आतल्या खोलीच्या दारात उभा होतो. ती वर-खाली बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. "अय्यो! सगळं बदललंय. अपडेट आलं असणार, रीसेट झालं. मोठेबाबा, तुमचा हात नाही, गेमच बिघडलाय! कधीपासून असं खेळताय? मला सांगायचं ना!"

माझी सुटका होत होती. मला नुसतं उभं राहायचं होतं.

दादा हसला नाही. "अपडेट आलं की एकदम बिघडतंय ना?" त्याने विचारलं.

"हो, एकदमच."

"माझं एकदम नाही गेलं, माय. रोज जरा जरा गेलं. दुखणं जातं तसं." त्याने उजवा हात मांडीवरून उचलून तिच्यापुढे धरला. "आणि घास पडायलाय त्याला बी अपडेट आलंय का?"

तिचं हसू थांबलं. "कुठला घास?" तिला काहीच माहीत नव्हतं, माझ्या शपथेमुळे.

"राहू दे. तू नीट करून ठेव, तुझी हौस म्हणून खेळू दोन दिवस. मी जाणार हाव ताईकडं. ये बारक्या, हिला सांग. आणि ताईला फोन लाव आता. रविवारच्या बसचं बघ."

मुलगी माझ्याकडे बघत होती. दादा तिच्याकडून फोन घेऊन माझ्यापुढे करत होता, त्याच उजव्या हाताने, आणि तो हात जराही कापत नव्हता. मी बाल्कनीत गेलो. खुर्ची एकच होती, मी त्याच्यापुढे खाली फरशीवर बसलो.

"अपडेट नाही आलं, दादा," मी म्हणालो. "मी केलं. तुझा फोन चार्जिंगला लावताना मी आकडे कमी करत होतो. थोडे थोडे, तुला कळू नये म्हणून. म्हणून ते रोज जरा जरा गेलं. मग परत लावायला गेलो तर जमलं नाही, तेव्हा ती थरथर झाली. तुझा हात चांगला आहे. डॉक्टर खरं सांगत होते. तू व्यायाम करावास म्हणून करतोय असं मी स्वतःशी म्हणत होतो, पण ते खरं नाही. तुम्ही दोघं हसायचात ते मला बघवत नव्हतं. तू घाबरलास ते मी रोज बघितलं, तू घास टाकलास ते बघितलं, त्या मशीनमध्ये तुझा पाय धरून बसलो आणि गप्प राहिलो. ताईकडे जायचं असेल तर जा, पण हाताला घाबरून जाऊ नको. त्याला काही झालेलं नाही. माझी चूक झाली, दादा. फार मोठी चूक झाली. मला माफ कर."